दुरुस्ती क्रमांक एक

आपण मेलो आहोत ही बातमी काटेवाल्याला एका मंगळवारी सकाळी सव्वाअकरा वाजता कळली. तो दुकानात बसून औषधवाल्याच्या तराजूची दांडी फडक्याने पुसत होता. तब्येत ठणठणीत होती, चहा दोनदा झाला होता. तेवढ्यात पाठीला भल्यामोठ्या पिशव्या लावलेली एक मुलगी आणि एक मुलगा न विचारता आत शिरले. मुलीने सरळ भिंतीतलं कपाट उघडलं. मुलगा जिन्याखाली वाकला, तिथला पत्र्याचा डबा ओढून काढला आणि त्यात हात घालून चाचपू लागला.

"अहो, अहो! काय पाहिजे?"

"तलवार," मुलगा म्हणाला, आणि त्याचं त्यालाच हसू आलं. "म्हणजे इथे असते ना ती. जिन्याखाली. पहिली तलवार."

डब्यात बिडाची जुनी वजनं होती. मुलाने त्यातलं पाच किलोचं वजन दोन्ही हातांनी छातीशी धरलं आणि मुलीकडून फोटो काढून घेतला. मग मुलगी मागच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली. तिने आवाज एकदम खाली आणला.

"आणि याच खोलीत वारले ना ते?"

"कोण?"

"हिरोचे वडील."

काटेवाल्याने खोलीत डोकावून पाहिलं. आत त्याचा पलंग होता, पलंगावर त्याचा सदरा पडला होता. कोणी वारल्याची काही खूण दिसत नव्हती.

झालं होतं ते असं. काटेवाल्याचा एकुलता एक पोरगा लांबच्या मोठ्या शहरात खेळ बनवणाऱ्या एका कंपनीत होता. मैदानातले खेळ नव्हेत, पडद्यावरचे. त्यांच्या नव्या खेळात एक साधासुधा पोरगा घरातून निघतो आणि तलवार घेऊन जगभर फिरून अंधाराच्या राजाला हरवतो. खेळ तुफान चालला. हा हिरो ज्या गावातून निघतो ते गाव रचण्याचं काम काटेवाल्याच्या पोराकडे आलं होतं. त्याने डोकं फार खाजवलं नाही. आपलंच गाव उचललं आणि जसंच्या तसं आत ठेवलं. चौक, पाण्याची टाकी, उताराची गल्ली, गल्लीच्या टोकाला पुढे दुकान आणि मागे घर, आणि घरात आई. बाप मात्र खेळ सुरू होण्याआधीच मेलेला.

काटेवाला तडक स्वयंपाकघरात गेला. बायको भांडी पुसत होती.

"अगं, मी मेलोय म्हणे."

"हो," ती म्हणाली. "खेळात."

"तुला माहीत होतं?"

"दीड वर्ष झालं."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"सांगून तुम्ही काय करणार होतात? दुरुस्ती?" तिने ताट रॅकमध्ये उभं केलं. "मी आहे त्यात. माझी तीन वाक्यं आहेत. 'जेवून घे', 'अंगावर काहीतरी घाल' आणि 'पोचलास की कळव'."

खेळातल्या त्या राज्यात ना टपाल होतं, ना टेलिफोन. पोचल्यावर हिरोने कळवायचं कसं, हे कंपनीत कुणी विचारलं नव्हतं. पण बाईंना आपल्या तीन वाक्यांचा भारी अभिमान होता, आणि गल्लीतल्या बायकांना त्या ती म्हणूनही दाखवत.

काटेवाल्याविषयी गावात एकच मत होतं: माणूस हिऱ्यासारखा, आणि तितकाच टणक. गावातला प्रत्येक काटा त्याच्या हातून गेलेला. किराणावाला, औषधवाला, सोनार, टपाल कचेरी, सगळे वर्षातून एकदा त्याच्याकडे काटा आणत. काटेवाला तो डोळ्यात तेल घालून तपासणार, तीनदा सुटा करून तीनदा जोडणार, मगच सरकारी शिक्क्याला पाठवणार. त्याच्या हातचा काटा शिक्केवाल्या साहेबाने कधी परत केला नाही. अडचण एवढीच, की तो माणसंही तशीच तपासायचा. शेजारच्याने घराला रंग दिला, तर हा म्हणे, "डाव्या कोपऱ्यात हात कमी पडलाय." कुणाच्या लग्नाला गेला, तर आशीर्वाद देऊन झाल्यावर मांडवाचा खांब किती कलला आहे ते सांगून यायचा. बरं, खोटं कधी बोलायचा नाही. खांब खरोखरच कललेला असायचा.

पोराला त्याने धंदा शिकवला होता, म्हणजे नऊ वर्षं स्टुलावर बसवून त्याच्या हातातलं काम तपासलं होतं. एकविसाव्या वर्षी, बाप घाऊक बाजारात काटे तपासायला गेला असताना, पोराने आईच्या हातचं जेवण जेवून घेतलं, अंगावर काहीतरी घातलं आणि तो निघून गेला. पोचल्यावर आईला कळवलं. त्याला आता चौदा वर्षं होत आली होती. दर रविवारी मायलेक फोनवर बोलत. बाप शेजारच्या खुर्चीत बसून म्हणे, "त्याला विचार, तब्येत कशी आहे." आई विचारी. "बरी आहे म्हणतोय." "बरं." असा बापलेकांचा संवाद.

पहिली दोघं गेली आणि मग रांगच लागली. बाहेरगावची तरणीताठी पोरं यायची, कपाटं उघडायची, जिन्याखाली वाकायची आणि मागच्या खोलीच्या दारात आवाज खाली आणायची. नगरपालिकेला तर गगन ठेंगणं झालं. ज्या गावात पाहुणा फक्त वाट चुकूनच यायचा, तिथे आता हॉटेल भरू लागलं होतं. नगराध्यक्षबाई स्वतः दुकानात आल्या. बाहेर 'हिरोचं घर' अशी पाटी लागेल, पाहण्याची वेळ दहा ते एक, असं त्यांनी सांगितलं आणि मग खुर्ची जरा पुढे ओढली.

"काका, राग मानू नका. पण लोकांचा विरस होतो हो."

"कशाने?"

"तुमच्याने. एवढ्या लांबून येतात, डोळे भरून येतात त्यांचे, आणि तुम्ही समोर दांडी घासत बसलेले. दहा ते एक तुम्ही शेजारी म्हणून बसाल का? म्हणजे कुणी विचारलं तर सांगायचं, मी शेजारी. चांगला माणूस होता बिचारा."

काटेवाल्याच्या नाकावर एरवीही माशी बसत नसे. त्याने नगराध्यक्षबाईंना दार दाखवलं, आणि जाता जाता त्यांच्या चपलेची एक टाच झिजल्याचंही सांगितलं. पण त्या दिवसापासून एक गोष्ट त्याच्या मनातून जाईना. रंगात चूक असते, खांब कलतो, हे तो समजू शकत होता. पण पोराने सगळं गाव आत घेतलं, टाकीवरचा गंजसुद्धा घेतला म्हणे, आणि बापाला तेवढं गाळलं? गाळलं तरी एक वेळ ठीक, मारलं? का? त्याला ते कळायलाच हवं होतं. फोन करून विचारणं मात्र जमणार नव्हतं. चौदा वर्षांत ज्याने आपल्या तोंडाने पोराची तब्येत विचारली नाही, तो एकदम आपल्या मरणाची चौकशी कशी करणार?

मग त्याने त्याला येत होतं तेच केलं. तपासणी.

एका पाहुण्या पोराला त्याने स्टुलावर बसवलं आणि खेळ दाखवायला लावला. स्वतः चष्मा, वही आणि मोजपट्टी घेऊन शेजारी बसला. पोरगा बिचारा दर दोन मिनिटांनी पुढे निघू पाहायचा आणि काटेवाला त्याला मागे खेचायचा. "थांब. तो जिना परत दाखव." चार दिवस हे चाललं, चार वेगवेगळ्या पाहुण्यांना धरून. शेवटी यादी तयार झाली. जिन्याला खेळात नऊ पायऱ्या होत्या, प्रत्यक्षात अकरा. मागची खिडकी आत उघडत होती, ती बाहेर उघडते. टाकीचा नळ उजवीकडे होता, तो डावीकडे आहे. आणि दुकानातल्या तराजूची रिकामी पारडी डावीकडे झुकलेली होती. या चुकीखाली काटेवाल्याने दोन रेघा ओढल्या. तोल न लावलेला काटा, आणि तो त्याच्या दुकानात! असे एकंदर सदतीस दोष निघाले. महत्त्वाप्रमाणे क्रम लावायची त्याची सवय होती, म्हणून सगळ्यात वर त्याने लिहिलं: 'दुरुस्ती क्रमांक एक. वडील हयात आहेत.'

खेळात दोष आढळल्यास कंपनीला कळवा, असा एक तक्ता त्या खेळातच होता. एका पाहुण्या मुलीने त्यात सगळी यादी भरून दिली. तक्रारदाराचं नाव लिहायच्या जागी काटेवाल्याने 'एक जाणकार' असं घालायला सांगितलं.

सतराव्या दिवशी उत्तर आलं. उत्तर छापील मायन्याचं होतं, खाली विभागाचं नाव होतं, माणसाचं नव्हतं. 'आपल्या बारकाईबद्दल आभार. आपण कळवलेल्या सदतीसपैकी छत्तीस दुरुस्त्या स्वीकारण्यात आल्या आहेत. क्रमांक एक हा दोष नसून रचनेचा भाग आहे.'

काटेवाल्याने ते बायकोला दोनदा वाचायला लावलं.

"छत्तीस घेतल्या," ती म्हणाली. "पायऱ्यासुद्धा घेतल्या. शिक्केवाला साहेब तरी एवढं ऐकतो का तुमचं?"

"रचनेचा भाग म्हणजे काय?"

"म्हणजे मुद्दाम."

त्या दिवशी काटेवाला जेवला नाही. पोटात दुखतंय म्हणाला. बायकोने ओवाही दिला नाही आणि डॉक्टरचंही नाव काढलं नाही. कुठे दुखतंय ते तिला बरोबर ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी ती फोन घेऊन वरच्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. रविवार नव्हता तरी.

बुधवारी दुपारी तीनच्या सुमारास पोरगा दारात उभा राहिला. अंगाने भरला होता, कानांवर केस पांढरे होऊ लागले होते. बापाने त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग तो म्हणाला, "पिशवीचा पट्टा पिळला गेलाय."

पोराने पट्टा सरळ केला.

आईने पाणी दिलं, चहा दिला आणि ती स्वयंपाकघरात गेली. दार मात्र तिने लोटलं नाही. पोरगा त्याच्या जुन्या स्टुलावर बसला. बापाने एका तराजूची दांडी पुसायला घेतली.

"सदतीस नंबरची तुमची बरोबर होती," पोरगा शेवटी म्हणाला. "खिडकीची. मी विसरलोच होतो, ती बाहेर उघडते."

"एक नंबरची?"

पोराने कप खाली ठेवला.

"आधी तुम्ही होतात, बाबा. खेळाच्या पहिल्या मसुद्यात तुम्ही जिवंत होतात. इथेच बसलेले, याच खुर्चीत. हिरोने निघायच्या आधी तुम्ही त्याला एक काम द्यायचात. तराजूचा तोल लावायचा. तो लागला की तुम्ही त्याला जाऊ देणार, आणि मग गोष्ट सुरू."

"मग?"

"बाजारात आणायच्या आधी खेळ तीस जणांना दिला होता, खेळून बघायला. तीसच्या तीस जण या दुकानात अडकले. कोणी दोन तास, कोणी पाच. एक बाई तर रडायला लागली. म्हणाली, पैसे नकोत पण मला जाऊ दे, हे सगळं मी घरी भोगलंय." तो कसंनुसं हसला. "घरातून एकही जण बाहेर पडला नाही. अंधाराचा राजा तिकडे बसलाय वाट बघत."

"त्यांना तोल लावता येत नसेल," काटेवाला म्हणाला. "तो काय येरागबाळ्याचा खेळ आहे? दाखव मला. आहे का ते अजून?"

पोराच्या पिशवीत लॅपटॉप होता आणि लॅपटॉपमध्ये तो पहिला मसुदा होता. कोणती बटणं दाबायची ते त्याने दाखवलं. काटेवाल्याने चष्मा चढवला आणि पडद्यात पाहिलं. खुर्चीत एक माणूस बसला होता. तोच सदरा, तशीच मान वाकडी करून बघण्याची ढब. हुबेहूब होता. काटेवाल्याला एवढं बरं वाटलं की क्षणभर तो आपलं काय गाऱ्हाणं होतं तेच विसरला. आपल्याला इतकं कोणी निरखून पाहिलं असेल, हे त्याला माहीतच नव्हतं.

मग त्याने काम सुरू केलं. पारडी पुसली, दांडीवरचं छोटं वजन केसभर सरकवलं, काटा डोलू दिला, थांबू दिला. चाळीस वर्षांचा हात होता तो, पडद्यावर काय आणि बाहेर काय. काटा येऊन मधोमध उभा राहिला. काटेवाल्याने विजयाने पोराकडे पाहिलं.

खुर्चीतला माणूस वाकला, त्याने काट्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "पुन्हा कर."

काटेवाल्याने पुन्हा केलं. काटा पुन्हा मधोमध आला. "पुन्हा कर." तिसऱ्या वेळी त्याने श्वास रोखून काम केलं. रेघेवर रेघ. "पुन्हा कर." पाचव्या वेळी त्याच्या कपाळावर घाम आला. सातव्या वेळी तो पडद्यावर खेकसला, "अरे, डोळे फुटले का तुझे? लागलाय की तोल!"

"पुन्हा कर," तो माणूस शांतपणे म्हणाला.

"हा बिघडलाय," काटेवाला म्हणाला. "तोल लागला तरी हा पुन्हा कर म्हणतो."

"बिघडलेला नाही. अर्धवट आहे," पोरगा म्हणाला. "कशावर 'पुन्हा कर' म्हणायचं ते मी लिहिलं होतं. कशावर 'जमलं' म्हणायचं, ती जागा रिकामी राहिली."

"रिकामी का ठेवलीस? एवढं साधं—"

"काय लिहू?" पोराचा आवाज चढला नव्हता, पण खरखरला. "मी नऊ वर्षं या स्टुलावर बसलो होतो. तुम्ही जमलं कधी म्हणता ते मला माहीतच नव्हतं. आईला फोन करून विचारलं. तिलाही सांगता आलं नाही."

"मी अजून शोधतेय," आतून आवाज आला.

"वरचे साहेब म्हणाले, चार दिवस देतो. एक तर ती जागा भर, नाही तर बाप काढून टाक. तीन दिवस मी बसून राहिलो. चौथ्या दिवशी तुम्हाला मारलं. काम एका तासाचं होतं."

"कशाने मेलो?"

"तापाने."

"कसला ताप?"

"नुसता ताप, बाबा."

तेही अर्धवट, असं काटेवाल्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. त्याने ते परत ढकललं. त्याला लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षा भीती जास्त वाटत होती. पोराने राग काढला नव्हता, सूड उगवला नव्हता. त्याला बापाबद्दल एक वाक्य लिहायचं होतं आणि ते सापडलं नव्हतं, एवढंच.

"आता लिही," तो म्हणाला. "मी सांगतो."

पोराने ती जागा उघडली. पडद्यावर काही ओळी होत्या आणि मध्ये एक रिकामी ओळ होती.

"लिही. काटा मधोमध आला, की जमलं."

पोराची बोटं बटणांवर फिरू लागली.

"थांब," काटेवाला म्हणाला. "एकदा योगायोगानेही येतो. असं लिही, की सलग दोनदा मधोमध आला पाहिजे. आणि दुसऱ्या वेळी वजन बदलून. म्हणजे तिसऱ्यांदा मग..."

तो बोलायचा थांबला, कारण पोराची बोटं थांबली होती. पोरगा त्याच्याकडे बघत होता. रागाने नाही. औषधवाल्याने 'काका, झाला का काटा?' असं विचारताना बघावं, तसा नुसता बघत होता. स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाजही बंद झाला होता. काटेवाल्याने आपलंच बोलणं मनातल्या मनात पुन्हा ऐकलं, शब्दन् शब्द, आणि त्याला खुर्चीतल्या त्या माणसाच्या हातात सापडलेली तीस माणसं दिसली. त्यांच्याआधी नऊ वर्षं बसलेला एकतिसावा दिसला.

"खोड ते," तो म्हणाला.

"बाबा..."

"खोड म्हणतो ना. मेलेलाच राहू दे मला. रागाने नाही सांगत रे. तो आत बसला असता तर हा पोरगा घराबाहेर पडला नसता. तो पडला. सगळं जग वाचवून आला म्हणतात." त्याने चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाला पुसू लागला, बराच वेळ. "क्रमांक एक ही चूक नाही. छान केलंस तू हे. अगदी बरोबर केलंस."

बायको हात पुसत दारात आली होती. तिने एकदा नवऱ्याकडे पाहिलं, एकदा पोराकडे.

"पस्तीस वर्षांत शाबासकी दिलीत पोराला," ती म्हणाली, "ती कशाबद्दल, तर बाप मारल्याबद्दल."

पोराने तोंडावर हात धरला. त्याचे खांदे हलत होते. तो हसतोय की रडतोय, ते काटेवाल्याला नीट कळेना, आणि त्याने ते तपासून पाहिलं नाही.